गुलाबरावाची कच्ची दाढ

२०२३ साल. मी तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा होतो, अन् त्याच साली माह्या शेजारचा गुलाबराव तोंडाच्या एकाच बाजूनं बोलाले लागला.

उजवीकडच्या दाढेचं त्याचं रूट कॅनल झालं होतं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं होतं, डाव्या बाजूनं जेवा. बोलण्याबद्दल ती बिचारी काहीच बोलली नव्हती. पण गुलाबराव म्हणे, "बोलतानी जीभ तिकडं जाते गा. काहून धक्का द्या?" अन् मग सगळं बोलणं डाव्या गालातून.

आम्ही दोघंही कोष्टी. नागपुरात एकाच गल्लीत चाळीस वर्षं माग चालवले, लुगडी विणली. सूत तुटलं की गाठ मारून उरलेला धागा दातानं तोडाचा. मी समोरच्या दातानं तोडो, हा दाढेखाली धरे. मी तेव्हाच सांगतलं होतं, दाढ जाईन. ऐकलं नाही. माहे दात अजूनही जागच्या जागी आहेत, भाजलेले चणे कडाकडा फोडतो. आता तुम्हीच सांगा, कौतुक कोणाचं व्हाले पायजे?

झालं त्याचं.

रोज सकाळी तो ओट्यावर उभा राहून कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या करे, त्याही मोजून. गल्लीतली बाई कोणी विचारे, "कशी हाये जी दाढ?" की हा डोळे मिटून सांगे, "शांत हाये. झोपू द्या." एका पोरीचं लगन ठरलं, तिच्या साक्षगंधात चिवडा वाढला तर यानं तो चहात भिजवून चमच्यानं खाल्ला. पोरीच्या बापानं विचारलं, हे काय? तर म्हणे, "डॉक्टरीणबाईचा हुकूम हाये." लोकांनी त्याले खुर्ची दिली. मी उभा होतो, मले कोणी दिली नाही.

हेही सहन केलं असतं. पण त्याचा पोरगा महेश! शहराबाहेर मिहानमध्ये कंपनीत आहे, तिकडंच फ्लॅट घेतला. दाढ दुखायच्या आधी दिवाळीले तोंड दाखवे. आता दर शनिवारी गाडी घेऊन हजर. बापाले लकडगंजच्या दवाखान्यात नेई, परत आणे, दही-खिचडी खाऊ घाले, अन् मग ओट्यावर बसवून मोबाईलची बत्ती लावून त्याच्या तोंडात पाहे. सगळ्या गल्लीसमोर! "बाबा, आ करा. अजून मोठा." गुलाबराव आ करे, अन् त्या उघड्या तोंडानं माह्याकडं पाहे.

माहा पोरगा पुण्याले. मी दात घासतो की राखुंडी लावतो, हेही त्याले माहीत नसन.

बायको म्हणाली, "काहून जळता जी? तुमचे दात चांगले हायत, हे वाईट झालं काय?"

मी म्हटलं, "मी नाही जळत."

अन् गुरुवारी तिले न सांगता त्याच दवाखान्यात जाऊन बसलो.

डॉक्टरीणबाई तरुण, बोलाले गोड. "काय होतंय आजोबा?"

"दुखून राहिलं."

"कुठे?"

"सगळीकडंच. एक रूट कॅनल करून टाका."

"कोणत्या दाताचं?"

"तुमच्या मनानं पाहून घ्या."

तिनं एकेका दातावर ठोकून पाहिलं अन् हसली. "आजोबा, या वयात असे दात मी पाहिले नाहीत. घरी जा." इतकं वाईट मले कधीच वाटलं नव्हतं. कागदावरचा पत्ता पाहून मग तिनंच विचारलं, "त्याच गल्लीतले गुलाबराव ओळखीचे आहेत का? त्यांना जरा समजवा. त्यांची कॅप दीड महिन्यापासून तयार आहे. दर शनिवारी येतात, मुलगा बाहेर गाडीत फोनवर असतो, आणि हे कधी म्हणतात आज उपास, कधी म्हणतात आज अमावस्या. कापसाचा बोळा मागून घेतात अन् जातात. वरचं भरलेलं कच्चं आहे हो. कॅप बसली नाही तर दाढ उभी चिरेल, मग काढावीच लागेल."

मले मनातल्या मनात आनंदाची उकळी फुटली. महेश बाहेर गाडीत बसून कंपनीचे फोन घेई अन् हा आतून गालात कापूस भरून येई! सापडला. शनिवारी पोरासमोर सांगतो, म्हटलं. पाहू मग कोण बत्ती लावते.

पण दम कुठं निघते? शुक्रवारी संध्याकाळीच त्याच्या घरी गेलो. तो एकटा बसून भात कुस्करून राहिला होता. घरात टीव्ही नाही, आवाज नाही.

"कॅप तयार हाये म्हणे," मी म्हटलं.

त्याचा हात थांबला. "कोण म्हणे?"

"डॉक्टरीणबाई. काहून रे, लाज नाही वाटत? पोराले फसवतं? दाढ चिरन तुही!"

तो पुन्हा भात कुस्कराले लागला.

"अबे, कोष्टी हायेस तू. पुरं झालेलं लुगडं मागावर ठेवून बसते काय कोणी? उतरवाच लागते."

गुलाबरावानं ताटाकडं पाहिलं. अन् कित्येक दिवसांत पहिल्यांदा पुऱ्या तोंडानं बोलला. "उतरवलं का गिऱ्हाईक घेऊन जाते गा. मग माग रिकामा."

मी त्याच्या घरी येताना काय काय बोलाचं ठरवलं होतं, ते आठवेचना. "भात थंडा होऊन राहिला, खा," इतकंच म्हटलं अन् उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी महेशची गाडी आली. गुलाबराव बाहेर आला तो माह्याकडं पाहेच ना. त्याले वाटलं, आता हा सांगतो. मी काचेवर टकटक केली.

"महेश, आज फोन बंद ठेव. आज कॅप बसवाची हाये. तुह्या बापाले भेव वाटते, म्हणून तो टाळून राहिला. तू आत जा अन् खुर्चीजवळ उभा राह्य."

महेश हसला. "बाबा अन् भेव?"

गुलाबराव माह्याकडं पाहून राहिला. मग हळूच म्हणाला, "हो रे. लई वाटते."

पोराचं हसू गेलं. त्यानं फोन बंद केला, खाली उतरला, बापाचा दंड धरून त्याले सीटवर बसवलं. जळलो मी, खोटं काहून बोलू. पण गाडीचा दरवाजा मीच लावला, अन् महेशले म्हटलं, "पुढच्या शनिवारी दोघंही माह्या घरी जेवाले येजा. दाढ-बिढ काही नाही. नुसतं जेवाले."