माझा कॉम्प्युटर

चष्मेवाल्यांच्या फोनमधली जागा संपली, हे त्यांना लेकीमुळे कळलं. दूरच्या शहरात नोकरीला गेलेल्या लेकीने आपल्या नव्या खोलीचा व्हिडिओ पाठवला होता आणि फोन तो उघडायलाच तयार नव्हता. ‘जागा शिल्लक नाही’ हे एकच पालुपद. सात महिने लेक दिसली नव्हती. आता तिची खोलीही दिसेना. दर रविवारी तिचा पाच मिनिटं फोन यायचा, त्यातली चार मिनिटं आईची.

“पुसून टाका की काहीतरी,” बायको म्हणाली. “फोटोंची नुसती अडगळ झालीय.”

“गिऱ्हाइकांच्या चष्म्यांच्या नंबरचे कागद आहेत ते. पुसले तर उद्या माणसं खांबाला धडकतील.”

“आणि बाकीचं?”

“आहे काहीबाही,” असं पुटपुटत ते पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात सटकले.

ते काहीबाही म्हणजे एकशे बारा रेकॉर्डिंग होती. भर दुपारी लेकीशी बोलावंसं वाटायचं, पण ती कामात असणार. मग ते फोनवर दोन वाक्यं बोलून ठेवायचे आणि ‘कशाला तिचा खोळंबा’ म्हणून पाठवायचे नाहीत. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवर हलवायचं, तेही स्वतःच्या हाताने, असं त्यांनी ठरवलं.

पण मेहुण्याला सुगावा लागला. सल्ला द्यायच्या बाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“दाजी, वायर लावा, काम फत्ते!”

वायर लावली. कॉम्प्युटरने फोनला ओळखच दाखवली नाही. तासाभराने मेहुण्याच्या लक्षात आलं, की ही वायर फक्त चार्जिंगची.

मग त्याच्या शिफारशीवरून कॉम्प्युटरवर पहिलं सॉफ्टवेअर आलं. ते एकटं आलं नाही. हवामान सांगणारं एक, फोन झाडून देणारं एक आणि फुगे फोडायचा खेळ अशी वरात घेऊन आलं. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने वळकट्या घेऊन यावं, तसं. ते काढून टाकण्यात सकाळ गेली. दुसरं गुणी होतं. त्याने कामाला लागून सांगितलं, ‘शिल्लक वेळ : चार तास.’ अर्ध्या तासाने ते म्हणालं, ‘अकरा तास.’

“हे पुढे जातंय की मागे?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

“विचार करतंय ते,” मेहुणा म्हणाला.

तिसरं शोधताना दिसलं, की तसलं एक फोनच्या कोपऱ्यात आधीपासूनच बसलंय. लेकीनेच जाण्याआधी घालून दिलेलं. शिवाय ते सगळ्यांत कमी प्रश्न विचारत होतं. चष्मेवाल्यांनी बायकोही याच गुणावर पसंत केली होती. प्रश्न तिने नंतर विचारले.

सॉफ्टवेअरचा एकच सवाल होता : कुठे पाठवू? खाली दोन नावं. ‘दुकान’ आणि ‘माझा कॉम्प्युटर’. मेहुणा तोंड उघडायच्या आत त्यांनी ‘माझा’वर बोट ठेवलं. माझा तो माझा, त्यात विचारायचं काय!

जेवणं आटोपेपर्यंत पट्टी हिरवी झाली. ‘सर्व फाइली पाठवल्या. फोनमधून काढल्या.’ चष्मेवाले खुशीत कॉम्प्युटरसमोर बसले. तिथे काहीच नव्हतं. या कप्प्यात नाही, त्या कप्प्यात नाही. मेहुण्याने कचऱ्याचा डबाही उपसला.

चष्मेवाल्यांनी डोक्याला हात लावला.

“अहो, काय एवढं गेलं?” बायको बाहेर आली.

“तिच्याशी बोललेलं.”

“दिवसा ती कुठे फोन उचलते?”

“म्हणून तर.”

बायको तिथेच स्टुलावर टेकली.

चार वाजता फोन वाजला. रविवार नव्हता, तरी लेक होती. चष्मेवाल्यांनी घाईत स्पीकर सुरू केला.

“बाबा, मला तीन हजार फाइली का पाठवल्यात?”

“तुला? मी तर ‘माझा कॉम्प्युटर’ दाबलं!”

“तो माझा! मी ठेवलंय ते नाव. तुमचा ‘दुकान’. इथे मीटिंग चालू होती, माझा लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडलेला. सगळ्या ऑफिसने कुणाच्या तरी डोळ्यांचे नंबर वाचले. साहेब म्हणाले, उणे साडेनऊ, बिचारा!”

“आणि ती रेकॉर्डिंग?” चष्मेवाल्यांचा आवाज खाली आला.

“जिन्यात बसून ऐकतेय मघापासून. एकात विचारलंय, बारका स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलास म्हणून. बाबा, तो वरच्या खणात आहे.”

“सापडला. दोन महिन्यांनी.”

“पाठवायचं ना मग!”

“तुझं काम...” ते अडखळले. “बरं, पुसून टाक सगळं.”

“एक चाळीस मिनिटांचं आहे,” ती म्हणाली. “त्यात तुम्ही बोलतच नाही.”

“बंद करायचं राहिलं असेल.”

“नुसतं काच घासायचं मशीन चालू आहे. मधे आई जेवायला हाक मारते. तुम्ही ‘आलो’ म्हणता आणि जात नाही. असं तीनदा. तेच परत लावलंय मी. खोलीत फार शांत असतं हो संध्याकाळी.”

मेहुणा सांगू लागला, की फाइली परत आणायला एक झकास सॉफ्टवेअर आहे. बहिणीने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

“आज काम आहे का दुकानात?” लेकीने विचारलं.

“एका काचेला आकार द्यायचाय.”

“मग द्या ना. फोन राहू दे चालू.”

चष्मेवाल्यांनी फोन फ्रेमच्या डब्याला टेकवून उभा केला आणि मशीनचं बटण दाबलं. घर्रर्र आवाज दुकानभर झाला. पलीकडून लेक काही बोलली नाही, पण फोन तिने ठेवला नव्हता.

दुपारची भांडीही घासून झाली होती. तरी स्टुलावरून, अगदी हातभर अंतरावरून, बायकोने मोठ्यांदा हाक मारली, “अहो, जेवायला चला!”

“आलो,” चष्मेवाले म्हणाले, आणि काच घासत राहिले.