दौलतकाकांचं पुठ्ठ्याचं यंत्र

दौलतकाकांना प्रश्न शेवटपर्यंत ऐकण्याचा धीर नव्हता. "काका, ते..." एवढं म्हणायचा अवकाश, उत्तर हजर! आमचं गाव मोताळ्याजवळचं. मी तिथल्या शाळेत मास्तर. चिखलीला निघालेल्या माझ्या सासऱ्यांना काकांनी एकदा मोठ्या खात्रीनं मलकापूरच्या गाडीत बसवून दिलं. नंतर विचारलं तर म्हणाले, "मास्तर, मी बरोबर बसवलं. डायव्हरनंच उलटी नेली गाडी."

कापसाचं बीटी बियाणं नवीन आलं, तेव्हा तर त्यांच्या ओट्यावर दरबारच भरायचा. कोणतं वाण घेऊ, काय फवारू? पाकीट न वाचताच काका सांगत, "पेर बिनधास्त! मी हाव ना." काकू सगळ्यांना चहा देत. पातळच असायचा, पण त्या ओट्यावरच्या चहाची आठवण आली की अजून हुरहूर लागते.

पुढे काही वर्षांनी पुण्याहून एक संशोधक मुलगी आली. आणखी वीस वर्षांनी शेतकऱ्याशी बोलणारं यंत्र कसं असावं, ते शेतकऱ्यांनीच मनानं ठरवून पुठ्ठ्याच्या खोक्यातून बनवायचं होतं. सगळे माझ्या वर्गात बसले. कोणी बोंडअळी ओळखणारं यंत्र केलं, कोणी भाव सांगणारं. काकांनी खोक्याला एकच बटण चिकटवलं.

"हे दाबलं की काय होतं, काका?"

"ते म्हन्ते, मले माईत नाई."

वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो, त्याची आजही लाज वाटते.

मुलीनं विचारलं, "असं यंत्र कोणाला हवंय?"

"सिराजले." सिराज म्हणजे काकांचा लहानपणापासूनचा दोस्त, शेत विकून सुरतेला कामाला गेलेला. "त्यानं मले इचारलं होतं, मुरमाड जमिनीत, बिनापान्याचं हे बियानं येते का? मले ठाऊक नोतं. तरी म्हनलो, पेर, मी हाव ना. त्यानं सारं वावर पेरलं, अन् सारं गेलं." काकांचा आवाज बारीक झाला. "तवापासून बोललो नाई त्याच्यासंगं. कोन्या तोंडानं बोलू?"

सिराज मला ईदेला फोन करायचा. मी त्याचा नंबर लावला, स्पीकर सुरू करून मोबाइल काकांच्या हातात दिला.

"सलाम, मास्तर! माहा दौलत कसा हाय?"

"मीच हाव बे," काका म्हणाले. "मले काहीच माईत नोतं तवा. उगाच सांगतलं तुले."



"ते तर मले तवाच समजलं होतं," सिराज म्हणाला. "पन एकट्यानं पेराचं भेव वाटे बे."