वादळ खाडीपलीकडे धाडावयाचे ठरले त्याची हकीकत

श्रीग्रामदेव प्रसन्न. वारा सोडणारा आणि वारा आवरणारा एकच, त्यास दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन वद्य पक्षी पश्चिम समुद्रात वादळ उपजले आणि आमच्या राज्यावर चालून आले, ते समयी काय जाहले, ऐसे पुसिलेत. तरी जे घडले ते लिहितो.

राज्य लहान. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस खाडी, आणि खाडीपलीकडे दुसरे राज्य, त्यांचे आमचे पिढीजात वाकडे. आमच्या गादीवर सरपंच दाजीराजे मयेकर होते. हेरखाते बाळोजी तांडेल यांजकडे होते, कारण मोबाइलची रेंज त्यांच्याच माडीवर येत असे. बाळोजी माडीवर चढत, हवामान खात्याचा खलिता वाचत आणि खाली ओरडून सांगत. प्रथम खबर आली की समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र जाहले आहे. दाजीराजे बोलिले, "कमीच आसा मा? मगे भियाचा कित्याक?" आणि दरबार चहा पिऊन घरी गेला. मग खबर आली की त्या क्षेत्रास बढती मिळाली, आणि मग आणखी बढती मिळून त्याचे चक्रीवादळ जाहले, आणि बारसेही उरकले. हे ऐकून राजे खिन्न जाहले, कारण इतक्या निवडणुका लढूनही त्यांस सरपंचाच्या वर कोणी चढू दिले नव्हते.

वादळाच्या वाटेचा नकाशा सुपासारखा असे. बुडाशी वादळ आणि पसरट तोंडाशी सारा किनारा. सकाळी सुपात आमचे राज्य असे, म्हणून लोक होड्या ओढून माडांस बांधीत. आणि दुपारी सूप सरकून पलीकडचे राज्य येई, म्हणून होड्या सोडीत. आणि सांजेस पुन्हा आम्ही सुपात, म्हणून पुन्हा बांधीत. दोर झिजले आणि माणसेही. मग बाळोजी ओरडले की आता नक्की उद्याच येणार, आणि दाजीराजांनी सर्वांस देवळात बोलाविले.

राज्याचा रिवाज ऐसा की संकट येता देवास गाऱ्हाणे घालावे. गुरवाने मागणे मागावे आणि जमलेल्या सर्वांनी एकमुखाने 'होय म्हाराजा' म्हणावे. एक तोंड जरी बंद राहिले, तरी मागणे देवास पोचत नाही. भिकाजी गुरव उभे राहिले आणि हात जोडून बोलिले, "बा देवा म्हाराजा! ह्या जा काय वादळ येता, ता खाडीपलीकडे धाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"थंयची कौलां उडव, थंयचे माड पाड, पण आमचो एक नारळ हलवू नको रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

गुरवांनी कान टवकारले आणि म्हणाले, "एक 'होय' कमी इलो."

सर्वांनी मागे पाहिले. खांबाशी आत्माराम घाडी उभे होते. त्यांची बायको चैत्रात वारली, तेव्हापासून ते बोलत नसत, आणि लोकांस त्याची सवय जाहली होती. परंतु गुरवांचा कान वंशपरंपरेचा, तो चुकेना.

दाजीराजे बोलिले, "काय रे आत्म्या, तोंडात पान आसा?"

"नाय."

"मगे म्हण, होय म्हाराजा."

"म्हणूचंय नाय. माझी शेवंती थंय दिल्लेली आसा. पोटुशी आसा, आठवो म्हयनो चलता. घर दर्यार, वर पत्रे. तिची आवस गेली. आता माका तीच रवली."

मग खुद्द राणीसाहेब म्हणाल्या, "माझो भाव पण थंयच आसा. मी होय म्हटलंय, पण हळू." तेव्हा एकाची आते निघाली, एकाचा साडू निघाला, आणि गुरवांचीच विहीण निघाली. मग गुरव म्हणाले, आणखी उत्तरेस धाडू. तर मुंबईत पोरगे नाही ऐसे घर निघेना. दक्षिणेस गोव्यात मावश्या. अरबस्तानास धाडू म्हणता अर्धे देऊळ खवळले, कारण मुलगे तेथेच नोकरीस. कोणी म्हणाले, भर समुद्रातच ठेवावे, तेव्हा बाळोजी गरजले, "आणि मासे काय तुझो बापूस हाडतलो?"

दाजीराजे कातावून बोलिले, "साऱ्या दुनियेत वैरी म्हणान एक मिळाना! आत्म्या, तूच सांग, खंय धाडू?"

घाडी म्हणाले, "येता थंय येवंदे. आदी पलीकडची माणसा हंय हाडूया."

मग पलीकडच्यांस इकडे आणावयास होड्या पुन्हा सोडल्या, आणि घाडी पहिल्या होडीत बसले, आणि पाऊस सुरू जाहला. खाडीच्या मध्यावर समोरून दुसरे आरमार येताना दिसले. दोन्हीकडून वल्ही उगारली गेली. इतक्यात पलीकडच्या होडीतून शेवंती ओरडली, "बाबा! खंय चललात?"

"तुका हाडूक! आणि तू गो? ह्या अशा दिसात पाण्यात कित्याक?"

"तुमकां न्हेवक! आमच्यांनी वादळ तुमच्याकडे धाडूचा गाऱ्हाणा घातल्यानी. मी गप रवलंय."

"सासू काय म्हणाली?"

"सासू माझ्याशी बोलूचीच बंद झाली."

मग कोणी कोणास न्यावे यावरून भर खाडीत कडाक्याचे भांडण जाहले, आणि लाटा होडीत आल्या तरी कोणी मागे हटेना. अखेर पलीकडची शाळा सिमेंटची, ही गोष्ट दाजीराजांनी मोठ्या कष्टाने कबूल केली, आणि आमचे सारे राज्य आपल्या पायांनी शत्रूच्या मुलखात दाखल जाहले. वादळ आले. त्याने दोन्ही राज्यांची कौले सारखीच उडविली, आणि शेवंतीचे पत्रे कोठे गेले ते आजतागायत कळले नाही. शाळेत सर्वांनी एका पातेल्यातली खिचडी खाल्ली आणि मीठ कमी पडल्याचा दोष एकमेकांस दिला.

येणेप्रमाणे वादळ जाहले. माणूस एकही गेले नाही, आणि वैरही गेले नाही. शेवंतीस मुलगी जाहली. घाडी पत्रे घालण्यास म्हणून पलीकडे राहिले ते अद्याप परतले नाहीत. पत्रे केव्हाच घालून जाहले. नातीस मांडीवर घेऊन ते दिवसभर बोलत असतात, आणि विहीणबाईंस मध्ये एक शब्द घालावयास सापडत नाही.