करंजपाड्याची अकरा मिनिटं

प्रगती शक्यतो आवाज न करता व्हावी, याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या बाजूला करंजपाडा नावाची वस्ती आहे (घरं बावन्न, मोबाइलची रेंज एका आंब्याखाली). तिथं गेल्या दिवाळीनंतर अशी प्रगती प्रत्यक्ष करून पाहण्यात आली. तिचा हा अहवाल.

प्रगती झाली ती हनुमानच्या पिकअपमध्ये. गाडीचं वय सतरा. सकाळी ती भेंडी आणि काकडी घेऊन मुरबाडला जाते. परत येताना माणसं, पत्रे, खताच्या गोणी आणि वर्षातून तीन-चार वेळा सरकार घेऊन येते. एसटी चढणीखालच्या फाट्यावर थांबते. खात्याच्या जीपचा चालक पुढचा रस्ता बघतो आणि चहा मागवतो. त्यामुळे पाड्यावर अचानक तपासणीला येणारा प्रत्येक अधिकारी हनुमानच्या शेजारी बसूनच येतो.

जुन्या इंजिनाला ती चढण पहिल्या गिअरमध्ये अकरा मिनिटं लागत असे. सायलेन्सरला एका दगडानं भोक पाडलेलं होतं. फाट्यावरून गाडी हलली की पाड्यावर फळीवरची भांडी वाजू लागत.

या अकरा मिनिटांत पाडा काय करी, याची नोंद आवश्यक आहे. दुसऱ्या मिनिटाला रेशन दुकानाचा लडकू पोत्यांवरून उठे. चौथ्या मिनिटाला अंगणवाडीच्या कमळताई खिचडीखाली जाळ सारत. सहाव्या मिनिटाला शाळेचे स्वरूप गुरुजी टेकावरच्या आंब्याखालून उतरू लागत. (गुरुजी तिथं झोपायला जात नसत. आपण वर्गात किती वेळ शिकवतो याची माहिती त्यांना ऑनलाइन भरावी लागते आणि रेंज तिथंच आहे.) दहाव्या मिनिटापर्यंत लहानी आजी रानातून पोरं हाकून आणी. अकराव्या मिनिटाला गाडी थांबे आणि साहेब उतरत, तेव्हा पाडा परिपत्रकात असतो तसा असे.

नऊ वर्षांत एकोणतीस तपासण्या झाल्या. अठ्ठावीस वेळा शेरा ‘समाधानकारक’. (उरलेल्या एका वेळी साहेब चालत आले होते. तशी सवय असलेले अधिकारी आता राहिले नाहीत.)

इथं कुणी लबाडीचा संशय घेईल, म्हणून स्पष्ट करतो. शाळेच्या पटावरची एकवीस मुलं खरी आहेत. फक्त बकऱ्या, सरपण आणि ओढ्यातले मासे यांचं वेळापत्रक शाळेशी जुळत नाही.

हनुमान मात्र समाधानी नव्हता. मुरबाडच्या स्टँडवर लोक त्याला बघून “आली रे गिरणी” म्हणत. शेवटी त्यानं गाडी शहापूरला महादू मिस्त्रीकडे नेली. (मुरबाडचे मिस्त्री त्या गाडीला चांगले ओळखत होते, म्हणून हात लावत नव्हते.) दहा दिवस काम चाललं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, डिझेलचा पंप नीट जुळवलेला, इंजिनाला जास्त हवा पुरवणारा टर्बो, आणि चार बोल्टांवर बसवलेला कोरा सायलेन्सर.

“आता गाडीत बाळ झोपलं तरी उठणार नाय,” महादू मिस्त्री म्हणाले. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

गाडी चार मिनिटांत चढून आली. आवाज शेजारच्या घरात शिवणयंत्र चालावं इतका. नारळ फुटला, पेढे वाटले. गाडीत शेजारी बसलेली बायको काहीतरी बोलत असते, हे हनुमानला बऱ्याच वर्षांनी ऐकू आलं. (त्यातलं बरंचसं त्याच्याबद्दल होतं.)

पहिल्या आठवड्यात पुरवठ्याचे साहेब आले. लडकूला त्यांनी स्वतः हलवून उठवलं. दुसऱ्या आठवड्यात अंगणवाडीची तपासणी झाली. चूल थंड होती. कमळताईंनी ती थंड का, याचं लेखी स्पष्टीकरण दिलं, ते दीड पान भरलं. तिसऱ्या आठवड्यात फाट्यावरून बातमी आली: या महिन्यात शाळा बघायला मॅडम कधीही येणार. मुलं कमी दिसली तर शाळा बंद करून त्यांना फाट्याच्याही पुढच्या गावातल्या शाळेत घालणार. म्हणजे रोज पाच किलोमीटर चालत जायचं आणि पाच परत यायचं. हनुमानची लेक समीक्षा तिसरीत आहे.

ग्रामसभा भरली.

“हॉर्न मार की रे खालनं,” लडकू म्हणाला.

“हॉर्न मारला म्हंजे मी सांगितलं असं होतंय,” हनुमान म्हणाला. “मी आजवर कुणाला काय सांगितलं नाय.”

हा मुद्दा सभेला पटला. हॉर्न ही सूचना असते. आवाज ही परिस्थिती होती, आणि परिस्थितीला कुणी जबाबदार नसतं. तेव्हा ठराव असा झाला की, सायलेन्सरला पूर्वीच्याच मापाचं भोक पाडण्यात यावं. बाजूनं सर्व, विरोधात हनुमान.

“पोरगी दहा किलोमीटर तंगडतोड करंल,” त्याची बायको प्रेमा सभेतच म्हणाली, “पन तुझ्या नळीला भोक नको!”

“नळी नाय गो. सायलेन्सर हाय तो.”

हा तांत्रिक खुलासा नोंदवून सभा संपली. भोक कुणी पाडायचं, हे ठरायचं राहिलं.

पुढच्या गुरुवारी सकाळी फाट्यावर एसटीतून मॅडम उतरल्या. हातात फाइल, डोक्याला रुमाल. “करंजपाडा?” म्हणत त्या हनुमानच्या शेजारी बसल्या. हनुमाननं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, हे त्यालाही काट्याकडे बघून कळलं. चार मिनिटं. वर या वेळी गुरुजी आंब्याखाली असणार. वर्गात असलीच तर सहा-सात मुलं. समीक्षा तर नसणारच. पहाटे भेंडी घेऊन निघताना तिला बकऱ्यांमागं त्यानंच धाडलं होतं.

त्यानं किल्ली बंद केली, सीटखालून चौदा नंबरचा पाना काढला आणि गाडीखाली शिरला.

“काय झालं? बिघडली?” मॅडमनी वरून विचारलं.

“नाय मॅडम,” खालून उत्तर आलं. “सुधारणा जरा जास्त झाल्ये.”

चार बोल्ट निघाले. कोरा सायलेन्सर काकडीच्या रिकाम्या क्रेटमध्ये ठेवण्यात आला. मग हनुमाननं गाडी पहिल्या गिअरला टाकली आणि तिथंच ठेवली. मॅडमनी दोन्ही कानांवर हात धरले. सिद्धगडाच्या अंगाची माकडं झाडं सोडून गेली. पाड्यावर भांडी वाजू लागली.

अकरा मिनिटांनी मॅडम वर्गात शिरल्या तेव्हा एकवीस मुलं बसलेली होती. तिघांचे केस ओले होते, समीक्षाच्या बाकाखाली एक करडू होतं. गुरुजी फळ्यावर भागाकार लिहीत होते आणि त्यांना धाप लागली होती. मॅडमनी मुलं दोनदा मोजली. (करडू धरलं नाही.) शेरा लिहिला: ‘उपस्थिती पूर्ण. शाळा चालू ठेवावी.’

परत जाताना त्या गाडीजवळ थांबल्या. क्रेटमधल्या सायलेन्सरकडे बघून म्हणाल्या, “हा परत बसवणार?”

“खाली गेल्याव बसवतो मॅडम,” हनुमान मान खाली घालून म्हणाला.

“आमच्या गावाला ट्रॅक्टर होता,” मॅडम म्हणाल्या. “सहाच मिनिटं मिळायची. पळून पळून जीव जायचा.” आणि त्या पुढं बसल्या.

सध्याची व्यवस्था अशी: सायलेन्सर भेंडीसाठी बसवलेला असतो, सरकारसाठी काढलेला असतो. पाना सीटखाली न ठेवता सीटवर ठेवतात. बोल्ट चाराचे दोन केले आहेत, वेळ वाचतो.

आमच्या काही वाचकांना हा सगळा प्रकार गैर वाटेल. त्यांच्यासाठी आम्ही एक छोटी पाहणी केली. दारावरची बेल वाजल्यापासून आतून “आले, आले!” असं ओरडत प्रत्यक्ष दार उघडेपर्यंत तुमच्याकडे सरासरी साडेतीन मिनिटं लागतात. करंजपाडा अकरा घेतो, हे खरं. पण त्यांना रानातून पोरं आणायची असतात. तुम्हाला फक्त खुर्चीवरचे कपडे उचलायचे असतात.