पोतं थांबलं की आपण थांबायचं

चाकाच्या खुर्चीत ज्वारीचं पोतं बसवून गावभर फिरवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी रोज पाहायची. आमचे शेजारी भद्राप्पा. पोतं पुढं घसरू नये म्हणून त्याला पंचा बांधलेला असायचा, आणि ऊन असलं की वरून ओला टॉवेल. ज्वारीला ऊन लागतं का, असं मी एकदा विचारलं. "सवय असू द्यावी, अक्का," म्हणाले.

चाकूरच्या अंगाला आमचं गाव. अप्पांचं किराणा दुकान. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकानं साखर मागितली की आधी विचारणार, "घरात शुगर कुणाकुणाला हाय?" मगच पुडी बांधणार. अशानं दुकान चालत नाही. त्यांचं चालतं, कारण गावात दुसरं नाही.

त्यांची बायको निलव्वा. लकव्यानं पाय गेले, डोकं आणि तोंड शाबूत. एकदा पुतण्यांनी तिला खुर्चीसकट उचलून देवळाच्या पायऱ्या चढवल्या. लोक बाजूला होऊन बघत उभे राहिले. घरी येऊन तिनं सांगून टाकलं, "मी काय पालखी हाय? आता मला कुणी उचलायचं न्हाई. चाकं जातील तितकंच माझं गाव." झालं. आमच्या गावात चाकं जातात कुठं? दाराबाहेर नाली, पुढं खडी, त्यापुढं कुणाची तरी म्हैस. बाई घरात बसली ती बसलीच.

तिला एकच बघायचं होतं. चिंचेच्या बनातली जुनी बारव. नवी नवरी असताना ती तिथूनच पाणी आणायची.

मग अप्पांनी फळी टाकून तिला खुर्चीसकट घरालाच लागून असलेल्या दुकानातल्या मोठ्या काट्यावर ढकललं. ती म्हणाली, "विकायला काढलंव का मला?" अप्पांनी आकडा बघितला, खुर्चीचं वजन वजा केलं आणि तेवढ्या वजनाचं पोतं भरलं. बायकोला अर्ध्या वाटेतून माघारी आणणं बरं नव्हे. पोत्याला त्याचं काही वाटत नाही. एवढा साधा हिशोब, पण लोक हसायचे.

मधे जिल्ह्याकडून बारवेच्या दुरुस्तीला निधी आला. ग्रामसभेत बहुतेकांचं म्हणणं, आधी वेशीवर कमान बांधू, लांबून दिसेल. अप्पांनी पोतं आणून पहिल्या रांगेत लावलं आणि म्हणाले, "हे कमानीखालून आरामात जाईल. पुढं कुठं जाईल तेवढं सांगा." मीही उठले. कमानीवर कुणाचे फोटो लागतील ते मला ठाऊक आहे, माझ्या गुडघ्याला त्याचा काय उपयोग, असं विचारलं. बायका हसल्या, सरपंचही हसला. हसला म्हणून ठराव झाला. बारवेतला गाळ काढायचा, निखळलेले दगड चुन्यात बसवायचे, आणि वाटेतल्या नाल्या झाकून गावातून, बनातून पार काठापर्यंत एकही पायरी नसलेली वाट करायची.

काम मारोती गवंड्याकडं गेलं. अप्पा रोज पोतं घेऊन हजर. वाट जिथपर्यंत झाली तिथपर्यंत जायचे आणि वळायचे. मी पुढं जाऊन बारव बघून यायची. "अप्पा, पोतं ठेवा इथं, दोन पावलं चालून आत बघून या," म्हणायची. ते मान हलवायचे. "पोतं थांबलं की आपण थांबायचं." मला वाटायचं, म्हातारा दमला असेल, कबूल करायची लाज वाटते.

वाट झाली. छान झाली. बारवेच्या तोंडाशी दोन जुने दगडी खांब आहेत, त्यांच्यामधून आत शिरायचं. आणि तिथं मारोतीनं काळ्या दगडाचा वीतभर उंच उंबरा बसवला होता. नकाशात नव्हता. पण आत कोनाड्यात देव आहे, आणि देवाच्या दाराला उंबरा नाही म्हणजे काय, म्हणून त्यानं मनानं बसवला, वर हळदकुंकूही वाहिलं. खुर्ची त्याला धडकली. पोतं तोंडावर पडलं, शिवण उसवली, शेळ्या धावल्या. अप्पा शेळ्या हाकलायचं विसरले. "निलव्वा पडली असती," एवढंच बोलले.

उंबरा काढा म्हटलं तर मारोतीचा हात धजेना, पूजा झालेली. सरपंचाचाही धजेना. इंजिनिअर आला, हा काढायलाच पाहिजे म्हणाला, जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून अप्पा उंबऱ्यावर जाऊन बसले, बारवेकडं पाठ करून. उंबऱ्यावर बसू नये, त्यापायी आम्ही सगळ्यांनी लहानपणी मार खाल्लेला. अप्पा बसले, तिथंच भाकरी खाल्ली, मग तपकीर ओढून शिंकायला लागले. उंबऱ्यावर शिंकलं की पाणी शिंपडावं लागतं. ते शिंकायचे, बायका तांब्या घेऊन पळायच्या. दिवस मावळेपर्यंत निम्मं गाव वैतागलं. "लोकांचा अंत बघायलाव तुम्ही," सरपंच म्हणाला. अप्पांनी आणखी एक चिमूट ओढली.

शेवटी मारोतीनं नारळ फोडला, उंबऱ्याची माफी मागितली आणि तो काढून वाटेकडेला चिंचेखाली बसवला. आता आम्ही म्हाताऱ्या त्याच्यावर टेकतो. बाजूला ठेवलेला उंबरा म्हणजे नुसता दगड, असं आम्हीच ठरवलं.

निलव्वा आली ती इरकली लुगडं नेसून. अप्पा खुर्ची ढकलत होते, आम्ही मागं. कुणी हात लावला नाही, लावावा लागलाच नाही. चिंचेवर राघू कलकलाट करत होते. खांबांमधून चाकं आवाज न करता आत गेली आणि थेट कठड्याशी थांबली. खाली हिरवट पाणी, चारी बाजूंनी दगडी हत्तींची रांग.

निलव्वानं एकेक हत्ती न्याहाळला. मग म्हणाली, "अहो, त्या कोपऱ्यातल्या हत्तीची सोंड कधी तुटली?"

अप्पा तिच्या मागून वाकले, डोळे बारीक केले. "मला काय ठाऊक? मीबी आत्ताच बघायलोय."

तिनं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. ते तिच्या डोक्यावरचा पदर उगाच सारखा करत होते.

"मग मागं काय उभे ऱ्हायलाव?" ती म्हणाली. "पुढं या. तिथनं नीट दिसत न्हाई."