शेवंतामावशींची संत्र्याची बिस्किटं

डिसेंबरात आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत उघड्यावर संत्रं सोलायची सोय नाही. शेवंतामावशी किसणी घेऊन हजर होतात. "थांब! आधी किसू दे, मग खा." हातातलं संत्रं काढून घेतात, वरची केशरी साल वाटीत किसतात आणि टक्कल पडलेलं संत्रं परत देतात. आभार वगैरे नाही.

ही साल, बदामाचा भरडा, लोणी, साखर, मैदा. झाली नाताळाची बिस्किटं. मावशी सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. घरात बुद्धाची मूर्ती. "मावशी, नाताळ आपला हाय का?" असं कोणी विचारलं, की म्हणतात, "बुद्ध फळीवर, बिस्किटं डब्यात. दोघांचं भांडण नाय. तुला काय तरास?" आणि वर ठरलेलं वाक्य, "मला कोन अडवतंय!"

यंदा सगळ्यांनीच अडवलं. आधी गुडघ्यांनी, मग पुण्याच्या मुलानं. "आई, बस कर आता. मी ऑनलाइन मागवतो." मावशींनी फोन ठेवला आणि मला हाक मारली, "सुनील, स्कूटर काढ."

घरी मळलेलं पीठ त्या दरवर्षी शहागंजातल्या एका बेकरीच्या भट्टीत भाजून आणतात. मागच्या सीटवर मांडीवर चार ट्रे घेऊन त्या माझ्या कानात ओरडत होत्या, "खड्डा बघ! बिस्किटं हायेत, खडी नाय!"

बेकरीवाल्यानं हात जोडले. "खाला, भट्टी बंद हो गई. बिजली का ओव्हन आया. बाहर का माल अब नै लेते."

"नको घेऊ," मावशी म्हणाल्या आणि ट्रेसकट दुकानाच्या पायरीवर बसल्या. "मी बसते. मला लई टाइम हाय."

येणारं गिऱ्हाईक विचारायचं, आजी इथं का बसल्या? मावशी खुलासेवार सांगायच्या, वर कच्च्या पिठाचा वास घ्यायला लावायच्या. तासाभरात बेकरीवाला स्वतः ट्रे उचलून आत घेऊन गेला. पहिला ट्रे करपला. "तुझ्या ओव्हनला शिकवावं लागंल," असं म्हणून मावशी आत घुसल्या आणि उरलेले तीन स्वतः उभं राहून भाजले.

परतताना त्या म्हणाल्या, "घरी नको. छावणीकडं घे."

छावणीत एका छोट्या घरात खाटेवर एक म्हातारी बसली होती. मेरीसिस्टर. नर्सिंगच्या हॉस्टेलात दोघी एका खोलीत राहायच्या, ही बिस्किटं तिनंच शिकवलेली, हे मला तिच्या सुनेनं दारातच सांगितलं. हेही सांगितलं, की आता सासूबाईंना कोणी ओळखू येत नाही.

"तुम्ही कोण?" मेरीसिस्टरनं विचारलं.

गल्लीत कोणाचं ऐकून न घेणाऱ्या मावशींनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाल्या, "मी व्हय? बेकरीतून आलेय." बिस्किट चहात बुडवून, मऊ करून त्या तिला भरवू लागल्या.

दोन घास झाल्यावर मेरीसिस्टरनं त्यांचा हात धरला. "सगळं मलाच देऊ नका. आमच्या खोलीत शेवंता म्हणून एक पोरगी आहे. तिच्यासोबत कोणी जेवायला बसत नाही. तिला आधी द्या."

"देते," मावशी म्हणाल्या. डब्यातलं एक बिस्किट उचलून त्यांनी तोंडात टाकलं आणि बराच वेळ चावत राहिल्या.