डॉक्टरचं गाव कंचं?

मोबाईलवर एखादा डॉक्टर बोलू लागला की बाळूनाना आधी त्याला त्याचं गाव विचारतात. अगदी मोठ्याने, पडद्याकडे बघत. "गाव कंचं रे तुजं? वाडी कंची? कुनाचा तू?" डॉक्टर आपला लिंबूपाण्याचे गुण सांगत राहतो. "बग, सांगत नाय," म्हणून नाना त्याला निकालात काढतात.

पोलादपूरच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे. नाना कशेडीच्या बाजूच्या एका वाडीतले. नानी गेल्यापासून घरात एकटेच. बीपीच्या गोळ्या न्यायला येतात आणि माझ्या बाकावर ठाण मांडतात. गिऱ्हाइकांना त्यांची गंमत वाटते, मला मात्र त्यांची कसोटी पटते. "उद्या कायबाय झालं तं ह्याच्या दारात जाऊन उभं राहता आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. मी चुकीच्या गोळ्या दिल्या तर ते माझ्या दारात उभे राहतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

अर्थात कसोटी कधी फसतेही. एकदा मोबाईलवर एक बाई "हाय, नाय" करत मुतखड्यावर काढा सांगत होती. "ही आपल्या महाडकडची!" म्हणून नाना हरखले. मुतखडा नसताना काढा प्याले आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून दुकानात आले. "बाई आपली, पन काढा परका," म्हणाले.

हे सगळे व्हिडिओ त्यांना पाठवायचा त्यांचा मुंबईचा मुलगा, महेश. व्हिडिओ आला की नाना लगेच फोन लावायचे. "ह्ये तुला कुनी सांगितलं? तू त्याला बगितलायस? मग मला कशाला पाजतोस?" महेशही चिडायचा. भांडण असं रंगायचं की मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही. फोन ठेवल्यावर नाना घामाघूम, पण खुशीत. "अक्कल नाय पोराला," असं कौतुकाने सांगायचे.

शेवटी महेश वैतागला. "बाबा, यापुढे तुम्हाला काही पाठवणारच नाही," म्हणाला आणि खरंच थांबला. नाना बाकावर बसून मोबाईल उलटासुलटा करू लागले. "बिगाडला वाटतं," म्हणून माझ्याकडे द्यायचे. मोबाईल ठणठणीत होता.

"नाना, सरळ फोन करा की त्याला," मी म्हटलं.

"करून काय बोलू? जेवलास काय, जेवलो. बरा हायस काय, बरा हाय. झालं. ठेवला."

मला फार वाईट वाटलं.

परवा ते काउंटरवर वाकून हळूच म्हणाले, "संजू, तुज्याकडं येखादं खोटं औषध हाय काय रे? मोबाईलवरचं. महेशला पाठवतो."

"नाना! आणि त्याने खरंच घेतलं तर?"

"घेल असं नको देऊ. भांडंल असं दे."

मी शोधून एक बिनधोक थाप काढून दिली. उशीखाली कांदा ठेवून झोपलं की गेलेले केस परत येतात म्हणे. महेशला चांगलं टक्कल आहे. नानांनी व्हिडिओ पाठवला, मोबाईल मांडीवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत बसले. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. मग फोन वाजला.

नानांनी घाईघाईने डोळे पुसले, घसा खाकरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मगच फोन उचलला.

"काय हाय?" ते खेकसले.